रॅम ओव्हरक्लॉक: आधी चिप ओळखा, आणि टेस्ट सोलापूरच्या उन्हात करा

पार्कचौक (धागाकर्ता)

मंडळी, इथं सारखं कुणीतरी विचारतंच की मित्राची अमुक कंपनीची रॅम ३६०० ला आरामात पळते, माझीपण तीच कंपनी तेच मॉडेल वरचा पत्रापण तोच, मग माझीच ३४६६ च्या पुढं गेली की निळी स्क्रीन का. ओव्हरक्लॉक म्हणजे रॅम तिच्या ठरलेल्या वेगाच्या पुढं पळवणं, ३६००, ३४६६ हे त्या वेगाचे आकडे. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहितो, ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी खाली भर घाला. मुख्यतः डीडीआर४ (डीडीआर५ च्या आधीची रॅमची पिढी) बद्दल लिहितोय कारण आपल्याकडं अजून बरीच मशीन त्याचीच आहेत.

रॅमच्या खोक्यावर जिचं नाव असतं ती कंपनी बहुतेक वेळा चिप बनवतच नाही. कॉर्सेर, जीस्किल, किंग्स्टन, एडाटा हे सगळे चिप विकत घेतात, स्टिकवर (रॅमच्या पट्टीवर) बसवतात आणि वर हीटसिंक (गरमी बाहेर टाकणारा पत्रा) चिकटवतात. चिप बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन (क्रुशियल हा मायक्रॉनचाच ब्रँड), शिवाय तैवानची नान्या आणि चीनची सीएक्सएमटी. त्यामुळं आज आलेल्या लॉटमध्ये एका कारखान्याची चिप आणि पुढच्या लॉटमध्ये दुसऱ्याची, मॉडेल नंबर तोच, असं सर्रास होतं. त्यातही एका कारखान्याच्या चिपचं डिझाइन अधूनमधून बदलतं, त्याला डाय किंवा रिव्हिजन म्हणतात आणि ते अक्षरावरून ओळखतात. ओव्हरक्लॉकला रॅम किती साथ देणार हे ब्रँडवर नाही, या डायवर ठरतं.

आठ गिगाबिटची सॅमसंग बी-डाय ही डीडीआर४ मधली सगळ्यात नावाजलेली, व्होल्टेज वाढवत गेलं की सीएल, टीआरसीडी, टीआरएफसी (हे टायमिंग, म्हणजे रॅम एकेका कामाला किती क्लॉक थांबते त्याचे आकडे, जितके कमी तितकं बरं) सगळंच खाली येत जातं. मायक्रॉन रिव्हिजन ई ची फ्रिक्वेन्सी भरपूर चढते, सीएलपण व्होल्टेजला दाद देतं, पण टीआरसीडी हलत नाही, तिथं वेळ घालवू नका. हायनिक्सची सीजेआर आणि नंतर आलेली डीजेआर ३६०० साठी चांगल्या, जुन्या एमएफआर आणि एएफआर लवकर दमतात. सॅमसंग सी-डायला १.३५ व्होल्टच्या बरंच वर नेलं तर फायदा तर नाहीच, उलट एरर वाढतात. आता सांगा, हे माहीत नसताना कुणीतरी यूट्यूबवर बी-डायचे आकडे दाखवले आणि तुम्ही ते आपल्या सी-डायवर टाकले तर काय होणार.

ओळखायचं कसं, तर पहिलं स्टिकर वाचा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून टॉर्च तिरका मारला की बारीक अक्षरं दिसतात. कॉर्सेरवर व्हर्जन म्हणून आकडा असतो, त्याचा पहिला अंक ३ असेल तर मायक्रॉन, ४ सॅमसंग, ५ हायनिक्स, ८ नान्या. ४.३१ म्हणजे सॅमसंग बी-डाय, ५.३२ म्हणजे हायनिक्स सीजेआर. जीस्किलवर ०४२ ने सुरू होणारा लांब कोड असतो, त्याची शेपटी बघायची, ८८१०बी असेल तर सॅमसंग आठ गिगाबिट बी-डाय, ८८२०सी असेल तर हायनिक्स सीजेआर, म्हणजे शेवटून तिसऱ्या जागी १ सॅमसंग, २ हायनिक्स, ३ मायक्रॉन, आणि शेवटचं अक्षर डायचं. किंग्स्टनच्या स्टिकरवर डीपीएमएम१६ए१८२३ असा काहीतरी कोड असतो, त्यातलं चौथं अक्षर एच, एम किंवा एस म्हणजे अनुक्रमे हायनिक्स, मायक्रॉन, सॅमसंग, पुढं ०८ असेल तर सिंगल रँक (स्टिकवर चिपचा एकच संच) आणि १६ असेल तर ड्युअल रँक, त्यापुढं महिना आणि वर्ष, इथं ए म्हणजे ऑक्टोबर आणि १८ म्हणजे २०१८. क्रुशियलच्या पार्ट नंबरमध्ये टिंबानंतर एम८एफई असं आलं तर शेवटचं ई म्हणजे रिव्हिजन ई.

हीटसिंक नसलेली साधी हिरवी स्टिक असेल तर कामच सोपं, चिपवरच छापलेलं असतं. सॅमसंगचं के४ए८जी०८५डब्ल्यूबी, यातलं शेवटचं बी म्हणजे डाय. हायनिक्सच्या नंबरमध्ये सीजेआर, डीजेआर सरळ वाचता येतं. मायक्रॉनवर फक्त पाच अक्षरी कोड असतो, जसं डी९व्हीपीपी, तो मायक्रॉनच्या साइटवर टाकला की पूर्ण पार्ट नंबर निघतो. काही कंपन्या मात्र चिपवर स्वतःचाच शिक्का मारतात, तिथं हा मार्ग बंद.

सॉफ्टवेअरनं बघायचं तर सीपीयू-झेडच्या एसपीडी (स्टिकची स्वतःची माहिती ठेवणारी छोटी मेमरी) टॅबमध्ये बहुतेक वेळा चिप बनवणाऱ्याचं नाव येतं. थायफून बर्नर डायपण दाखवतो पण त्याचं म्हणणं पक्कं धरू नका, एसपीडीच्या छोट्या मेमरीत चिपचा पूर्ण पार्ट नंबर लिहिलेला नसतो, थायफून बाकीच्या माहितीवरून अंदाज बांधतो. स्टिकर आणि थायफून दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवा. आणखी एक खूण म्हणजे खोक्यावरचे एक्सएमपीचे (कंपनीनं स्टिकमध्ये भरून दिलेलं, बायोसमधून एका क्लिकवर चालू होणारं वेगवान सेटिंग) टायमिंग, ३२०० ला १४-१४-१४ किंवा ३६०० ला १६-१६-१६ असे सगळे सारखे आणि कमी आकडे असतील तर ती जवळजवळ नक्की बी-डाय, ३६०० ला १६-१९-१९ असेल तर मायक्रॉन किंवा हायनिक्स.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. आपल्याकडची पोरं थंडीत ओव्हरक्लॉक करतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, म्हणजे जानेवारीत, रात्री खोलीत वीस डिग्री असतं, टेस्ट लावून झोपतात, सकाळी शून्य एरर, फोटो टाकतात स्टेबल म्हणून. आणि एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ झालं, वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली चाळिशीला आली की तीच सेटिंग दुपारी हँग होते. मग दोष विंडोजला, ग्राफिक कार्डला, एसएमपीएसला.

रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज सतत गळत असतो म्हणून तो ठरावीक वेळानं परत भरावा लागतो, त्याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ मध्ये सगळ्या ओळी ६४ मिलिसेकंदात एकदा भरल्या जातात, त्यासाठी ८१९२ रिफ्रेश कमांड, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. गरमी वाढली की गळती वाढते, म्हणूनच तर ८५ डिग्रीच्या वर रिफ्रेश दुप्पट वेगानं करा असं स्टँडर्डमध्येच लिहिलंय. आपण ओव्हरक्लॉक करताना नेमकं इथंच टाइट करतो, टीआरएफसी म्हणजे रिफ्रेशला दिलेला वेळ कमी करतो आणि इंटेलवाले टीआरईएफआय म्हणजे दोन रिफ्रेशमधलं अंतर वाढवतात. ३२०० ला टीआरईएफआय साधारण १२४८० असतं, लोक ते ६५५३५ करतात, म्हणजे रिफ्रेश पाचपट उशिरा. जानेवारीत ते खपतं. बी-डायवर टाइट टीआरएफसी लावलं असेल तर स्टिकचं तापमान ५० च्या आसपास गेलं तरी एरर यायला लागतात.

खोली जितकी डिग्री तापते जवळपास तितकीच डिग्री रॅमपण तापते. थंडीत टेस्टला ३८ दाखवत असेल तर मे मध्ये ५८ धरून चाला. त्यामुळं थंडीत टेस्ट करायचीच असेल तर कॅबिनेट बंद, पुढचा फॅन हळू आणि सोबत ग्राफिक कार्डवर लोड लावून करा, ग्राफिक कार्डची गरम हवा सरळ रॅमवर जाते. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये स्टिकचं तापमान दिसतं, पण डीडीआर४ च्या स्वस्त स्टिकमध्ये सेन्सर नसतो, तिथं हात लावून अंदाज घ्यावा लागतो.

एक अट मात्र पाळा. टेस्ट चालू असताना डेटाची हार्डडिस्क काढून ठेवा. चुकीच्या रॅमवर चाललेलं मशीन फाइल वाचतं आणि चुकीची करून परत लिहितं, तेव्हा कुठलाच मेसेज येत नाही.

कडक_भाकरी

दादा एक नंबर लिहिलाव. माझं रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, कॉर्सेर ८ जीबीच्या दोन, ३२०० सीएल१६. स्टिकर बघितलं व्हर्जन ५.३२ आहे, म्हणजे सीजेआर ना? किती पर्यंत न्यावं आणि सुरुवात कुठून करू? आणि दुकानदारानं दोन्ही स्टिक शेजारी शेजारी बसवल्यात, ते चालतं का?

पार्कचौक

@कडक_भाकरी हो सीजेआर. आधी स्टिक काढून प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव. शेजारी शेजारी असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डवर सिंगल चॅनेलच (प्रोसेसरकडं जाणारा एकच रस्ता) चालू असणार, ओव्हरक्लॉकनं जेवढं मिळेल त्याच्यापेक्षा जास्त तर तिथंच जातंय तुझं.

तुझ्या प्रोसेसरला ३६०० हे योग्य टोक आहे. इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरमधले भाग जोडणारा रस्ता) १८०० ला चालतं आणि रॅम ३६०० ला म्हणजे खरी १८०० मेगाहर्ट्झला, दोन्ही एकास एक. त्याच्या बरंच पुढं गेलं की मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगावर येतो आणि आकडा मोठा दिसला तरी गेममध्ये उलटं कमी होतं. सुरुवातीला टायमिंग ढिले ठेव, १८-२२-२२-४२, व्होल्टेज १.३८, टीआरएफसी ६३०. हे ६३० कुठनं आलं तर आठ गिगाबिट चिपला स्टँडर्डप्रमाणं ३५० नॅनोसेकंद लागतात, गुणिले १.८ (१८०० मेगाहर्ट्झ म्हणजे नॅनोसेकंदाला १.८ क्लॉक). आधी ही फ्रिक्वेन्सी टेस्टमधून पास होऊ दे, मग एकेक टायमिंग खाली आण, आधी सीएल १६, मग टीआरसीडी, मग टीआरएफसी ५४० म्हणजे ३०० नॅनोसेकंद. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर एरर आला की कशामुळं आला ते कळायचं नाही. रोजच्या वापराला १.४ च्या आत राहा. डीडीआर४ ची स्टँडर्डमधली कमाल मर्यादा १.५ आहे पण ती चालवायची नाही, त्या पुढं चिप खराब होऊ शकते म्हणून दिलेली आहे.

३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ दोन्हीत पहिला डेटा यायला १० च नॅनोसेकंद लागतात, फक्त बँडविड्थ वाढते. खरा फरक सीएल आणि टीआरएफसी खाली आल्यावर जाणवेल.

नवीपेठ_सर्व्हिस

आमचं दुकान आहे, रोज मशीन असेंबल होतात. आम्ही पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास करतो, झाला की मशीन गिऱ्हाइकाला देतो, तक्रार नाही. डिस्प्ले नाही आला तर स्टिक काढून गोल्डन फिंगर (खालच्या सोनेरी पट्ट्या) खोडरबरनं पुसून बसवायची, नाहीतर सेल काढून बायोस रीसेट. एवढं सगळं करायची गरज गेमवाल्यांना, साध्या माणसाला नाही असं माझं मत. एवढा वेळ कोण देणार.

पार्कचौक

@नवीपेठ_सर्व्हिस साहेब, स्टिक मुळात खराब आहे का हे बघायला मेमटेस्ट८६ उत्तमच, तुम्ही प्रत्येक मशीनला लावता हे खूप चांगलं, बरेच दुकानदार तेवढंही करत नाहीत. पण ओव्हरक्लॉक टिकणार का हे त्यातनं कळत नाही. तो विंडोजशिवाय चालतो, ग्राफिक कार्ड तेव्हा निवांत, प्रोसेसरवर फारसा ताण नाही, कॅबिनेट थंड. मेलेला बिट त्याला सापडतो, तापल्यावर अधूनमधून चुकणारा बिट बऱ्याचदा सापडत नाही. एक्सएमपी चालू करून देत असाल तर तेपण ओव्हरक्लॉकच आहे, बोर्डानं एका क्लिकवर केलेलं.

विंडोजमध्ये टेस्टमेम५ फुकट आहे, त्याला अँटा७७७ ची एक्स्ट्रीम कॉन्फिग (टेस्टच्या सेटिंगची तयार फाइल) टाकून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, १६ जीबीला दीड-दोन तास जातात. एचसीआय मेमटेस्टची फुकटची आवृत्ती एका खिडकीत दोन जीबीच्या आसपासच घेते म्हणून बऱ्याच खिडक्या उघडाव्या लागतात. करहू पैसे देऊन घ्यायचं आहे पण वेगानं एरर पकडतं. मेमरी कंट्रोलरवर ताण द्यायचा तर वाय-क्रंचरची व्हीटी३ टेस्ट. माझा क्रम असा, आधी टेस्टमेम५, मग वाय-क्रंचर, मग ग्राफिक कार्डवर लोड लावून परत टेस्टमेम५. एक जरी एरर आला तरी सेटिंग नापास, एकच आला म्हणून सोडून द्यायचं नाही.

शेंगाचटणी

मी वेडिंग व्हिडिओ एडिट करते, जुळे सोलापूरला घरीच सेटअप आहे, वरच्या मजल्यावर. ओव्हरक्लॉक वगैरे मी कधीच केलं नाही, फक्त एक्सएमपी ३६०० चालू आहे, पण लग्नसराईत दुपारी लांब रेंडर लावलं की शेवटी शेवटी सॉफ्टवेअर बंद पडतं, सकाळी लवकर लावलं की व्यवस्थित होतं. दोन वेळा ग्राफिक ड्रायव्हर बदलून झाला. ८ च्या चार स्टिक आहेत, दोन आधीच्या आणि दोन नंतर घेतलेल्या, मॉडेल एकच. हीटसिंक काढून बघू का आत काय आहे?

पार्कचौक

@शेंगाचटणी ताई हीटसिंक अजिबात काढू नका. तो चिकट पट्टीनं चिपलाच चिकटवलेला असतो, ओढताना चिपच स्टिकवरून उखडून येते, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. स्टिकर वाचा आणि चारही स्टिकचं व्हर्जन इथं सांगा.

सकाळी चालतं दुपारी नाही, यावरून संशय रॅमवरच जातो. एक्सएमपीची खात्री कंपनी फक्त एका खोक्यात एकत्र आलेल्या स्टिकपुरती देते. दोन खोकी एकत्र केली की ती खात्री संपली, त्यात चार स्टिकचा मेमरी कंट्रोलरवर ताण जास्त, आणि मध्ये हवा खेळत नाही म्हणून आतल्या दोन स्टिक जास्त तापतात.

शेंगाचटणी

बघितलं. दोन स्टिकवर ४ नं सुरू होणारा आकडा आहे आणि नंतरच्या दोनवर ५ नं. म्हणजे सॅमसंग आणि हायनिक्स मिक्स झालंय?

पार्कचौक

हो. म्हणूनच म्हणतो मॉडेल नंबर बघून जोडी लावू नये. आज दुपारी ३ च्या सुमाराला, खोली जशी असते तशीच ठेवून, एसी न लावता, ग्राफिक कार्डला एखादं रेंडर देऊन टेस्टमेम५ चालवा. सगळ्या प्रोजेक्टची हार्डडिस्क आधी काढून ठेवा. एरर आले तर ३२०० ला आणा, टायमिंग ऑटो ठेवा, आणि त्याच वेळी परत चालवा. रेंडरिंगमध्ये ३६०० वरून ३२०० ला आल्यानं जो फरक पडेल तो अर्ध्यावर बंद पडलेल्या एका रेंडरपेक्षा नक्कीच कमी.

सूतगिरणी

ऑफिसच्या मशीनचं काय? आमच्याकडं अकाउंट्सची चार मशीन आहेत, टॅली चालतं. मागं एका ओळखीच्यानं मशीन बसवताना फास्ट होईल म्हणून बायोसमध्ये काहीतरी वाढवून दिलं होतं, वर्षभर कधीतरी डेटा करप्ट व्हायचा, रिराइट (टॅलीतली डेटा दुरुस्तीची सोय) मारायचो आणि पुढं जायचो. शेवटी एका हुशार पोरानं बायोस डिफॉल्ट केलं तेव्हापासून बंद झालं. तेव्हा वाटलं योगायोग, आता तुमचं वाचून वाटतंय रॅमच असणार. बॅकअपमध्येपण खराब डेटाच गेला असेल का हो?

पार्कचौक

@सूतगिरणी रॅममुळं खराब झालेली फाइल बॅकअपमध्ये तशीच जाते, बॅकअपला काय माहीत ती खराब आहे. जुने बॅकअप तारखेनुसार ठेवले असतील तर महिन्याची शिल्लक जुळवून बघा, कुठनं फरक पडायला लागला ते सापडेल.

हिशेबाच्या मशीनवर ओव्हरक्लॉक करूच नये, एक्सएमपीपण नको. टॅलीला रॅमच्या वेगानं काहीच कळण्यासारखा फरक पडत नाही, तिथं एसएसडी महत्त्वाची. नवीन रॅम घ्यायची झाली तर ३२०० सीएल२२ १.२ व्होल्ट अशी घ्या, तो ३२०० चा वेग स्टँडर्डमधलाच आहे, एक्सएमपीची गरज नाही. आणि विकत घेताना स्टिकवरच्या चिप मोजा. ८ जीबीच्या स्टिकवर फक्त चारच मोठ्या चिप असतील तर त्या १६ बिट रुंदीच्या, त्यात चारच्या ऐवजी दोनच बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) असतात आणि स्टिक थोडी मंद पडते. आठ चिपवाली मिळाली तर तीच घ्या, किंमत बऱ्याचदा सारखीच असते.

लिनक्सवाला

एक भर घालतो. टेस्टसाठी विंडोजच बूट करायचं नाही, उबंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह करा आणि त्यात स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट चालवा, हे गुगलनं त्यांच्या सर्व्हरची मेमरी तपासायला बनवून ओपन सोर्स केलंय. खूप जोरात कॉपी करतं, त्यामुळं कंट्रोलर आणि रॅम दोन्ही तापतात, आणि मुख्य म्हणजे तुमच्या डिस्कला हातच लागत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांना, जेव्हा सेटिंग चुकायची शक्यता सगळ्यात जास्त असते, हेच वापरा, विंडोज नंतर. पेन ड्राइव्हवरून चालणारा ओपन सोर्स मेमटेस्ट८६+ हा वर सांगितलेल्या मेमटेस्ट८६ पेक्षा वेगळा आहे, नावात गोंधळ होतो.

लाइट जाण्याचा त्रास असेल त्यांनी यूपीएसशिवाय विंडोजवर लांब टेस्ट लावू नका.

पुण्यातला_सोलापूरकर

डीडीआर५ वाल्यांसाठी विचारतो. माझ्याकडं एएम५ (एएमडीचं डीडीआर५ वालं सॉकेट) आहे, ६००० सीएल३०, हायनिक्स ए-डाय निघाली. ऑफिसातला एक जण म्हणाला डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुकलेला बिट दुरुस्त करायची सोय) आतच असतं त्यामुळं टेस्ट करायची गरजच नाही. खरंय का?

पार्कचौक

@पुण्यातला_सोलापूरकर नाही. डीडीआर५ मधलं ईसीसी चिपच्या आतल्या आत आहे, आत साठवलेल्या डेटात एखादा बिट चुकला तर तो दुरुस्त करतं. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात जो बिघाड होतो, आणि ओव्हरक्लॉकमध्ये तोच जास्त, त्याला ते पकडत नाही. शिवाय आत किती चुका दुरुस्त झाल्या ते तुम्हाला दिसतही नाही, म्हणजे काठावर असलेली सेटिंग चांगली वाटू शकते. डीडीआर५ ला जास्त वेळ टेस्ट करा, कमी नाही.

तुम्हाला एक सोय मात्र आहे, डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फोत सरळ दिसतो. त्यात पॉवरचं सर्किटपण आता स्टिकवरच आल्यामुळं गरमी वाढते. एएम५ वर टीआरईएफआय बायोसमध्ये बदलता येतं आणि सगळे ते ६५५३५ करतात, पुण्यात खपेल, पण सुट्टीला मशीन सोलापूरला आणणार असाल तर निम्म्यावर ठेवा.

अक्कलकोट_नाका

माझं आय५ १०४०० आणि एच४१० बोर्ड, ३२०० ची रॅम टाकली तर २६६६ च दाखवतंय, एक्सएमपी ऑप्शनच नाही. बोर्ड खराब दिला का दुकानदारानं?

नवीपेठ_सर्व्हिस

@अक्कलकोट_नाका खराब नाही. एच४१० आणि बी४६० वर मेमरी ओव्हरक्लॉक बंदच आहे आणि १०४०० ची मर्यादा २६६६. इंटेलनं बी बोर्डवर मेमरी ओव्हरक्लॉक बी५६० पासून, २०२१ मध्ये दिलं. त्या रॅमवर पुढं खर्च करू नका, आहे तशी चालू द्या.

आणि @पार्कचौक, तुमचं पटलं. एक्सएमपी चालू करून द्यायच्या मशीनला आता आम्ही टेस्टमेम५ लावणार, दुपारी दुकानात तसंही भरपूर तापतं.

शेंगाचटणी

केलं दादा. दुपारी सव्वातीनला सुरू केलं, ३६०० ला पंधरा मिनिटांत एररची रांगच लागली. रात्री त्याच सेटिंगला परत लावून बघितलं तर एकपण नाही, तुम्ही म्हणता तसंच. आता ३२०० ऑटो केलंय, दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण टेस्ट शून्य एरर, आणि चार तासांचं रेंडर अख्खं झालं. ग्राफिक कार्ड बदलायला निघाले होते मी.

कडक_भाकरी

दादा माझंपण ३६०० १६-२०-२० १.३९ ला टेस्टमेम५ आणि वाय-क्रंचर दोन्ही पास, दुपारी खिडकी बंद करून केलं. पण एक भानगड, सकाळी मेन बटण चालू करून मशीन लावलं की दोनदा चालू बंद होतंय आणि बायोस डिफॉल्टला येतंय. विंडोजमधून रिस्टार्ट मारलं तर काही नाही. टेस्ट पास झाली तरी असं का बे?

पार्कचौक

@कडक_भाकरी बोर्ड पूर्ण थंड अवस्थेतून चालू होताना रॅमला नव्यानं जुळवून घेतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात, रिस्टार्टला ते बहुतेक पूर्ण होत नाही. तुझं सेटिंग चालायला ठीक आहे पण ट्रेनिंगला काठावर आहे. बायोसमध्ये डीरॅम बूट व्होल्टेज वेगळं असेल तर तेपण १.३९ कर, बऱ्याच बोर्डवर ते १.२ वरच राहिलेलं असतं. तरी नाही झालं तर प्रोसीओडीटी (प्रोसेसरच्या बाजूचं रॅमच्या सिग्नलचं सेटिंग) एक पायरी खाली-वर करून बघ आणि गिअर डाउन मोड चालू ठेव. प्रत्येक बदलानंतर मेन बटण बंद करून अर्धा तास थांब, मग चालू कर.

कडक_भाकरी

बूट व्होल्टेजच होतं दादा, १.२ वर पडून होतं. १.३९ केलं, रात्री बटण बंद करून झोपलो, सकाळी पहिल्या फटक्यात डिस्प्ले. टीआरएफसी आता ५४० ला आणून दुपारची टेस्ट लावतो.